कुंडी भंडारा आणि डीएनएची नक्कल
बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिलाय? शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरी, जमिनीखालून भुयारानं एकमेकींना जोडलेल्या. असं भुयार एकाच टोकाकडून खणायला घेतलं तर पिढी सरेल. म्हणून अशा भुयारी पाण्याच्या, म्हणजे कनात, पद्धतीत कुंडीकुंडीतून दोन्ही दिशांना खणतात.

आपल्या पेशी डीएनएची नक्कल अशीच करतात: हजारो जागी सुरुवात, दोन्हीकडे काम.

जिवाणूला मात्र एकच 'कुंडी'. ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए गोल, सुमारे ४६ लाख अक्षर-जोड्यांचा. पण वेग बघा, सेकंदाला जवळपास १००० अक्षरं. आपला जेमतेम ५०. त्या एका कुंडीतूनही दोन्हीकडे काम, म्हणून ई. कोलायचं चाळीसेक मिनिटांत काम फत्ते! शिवाय गोलाला टोकच नाही. आपली गुणसूत्रं सरळ, त्यामुळे दर नकलेत टोकं झिजतात. ती भरून काढणारं टेलोमरेज हे विकर शरीराच्या बहुतेक पेशींत जवळजवळ बंदच असतं.