कडकनाथ परसात आणण्यापूर्वी

जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यातल्या एका कुक्कुटपालन केंद्रात काळ्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील भोपाळला गेले आणि तेथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने बर्ड फ्लूचे निदान केले. उरलेले पक्षीही नष्ट करावे लागले. याच केंद्राकडे क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी रांचीतील आपल्या शेतासाठी कडकनाथची दोन हजार पिल्ले मागवली होती, म्हणून ही बातमी देशभर पोहोचली. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हाही निदान भोपाळच्याच प्रयोगशाळेत झाले होते. चार-दोन पिल्ले दुसऱ्या राज्यातून आणून परसात सोडणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट किती जपून करावयाची असते, हे या दोन घटनांवरून उमगते.

कडकनाथ ही झाबुआ, अलिराजपूर आणि धार या भागांतील भिल्ल व भिलाला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली कोंबडी. स्थानिक बोलीत तिला ‘कालीमासी’ म्हणतात आणि दिवाळीनंतर देवीला तिचा बळी देण्याची प्रथा आहे. तुरा, जीभ, कातडी, पाय, मांस, इतकेच नव्हे तर हाडांवरचे आवरणही काळसर असते. रक्त मात्र इतर कोंबड्यांसारखे लालच, आणि अंडे फिकट तपकिरी. ‘काळे अंडे’ म्हणून विकणारा भेटला, तर तिथूनच परतावे. पिसाऱ्यावरून या जातीचे तीन प्रकार मानतात: गडद काळा, रेघांचा आणि सोनेरी छटेचा.

हा काळेपणा एका जनुकीय बदलामुळे येतो. चीनमधील सिल्की आणि इंडोनेशियातील अयाम चेमानी या कोंबड्यांतही तोच बदल आढळतो. तो प्रबळ असल्याने शुद्ध कडकनाथ कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला, तरी पहिल्या पिढीतली बरीच पिल्ले काळसर निघतात. फसवणुकीची मेख नेमकी इथे आहे. बाजारात काळी कातडी दाखवून विकलेले पिल्लू शुद्ध असेलच असे नाही; ते पुढे वाढवले, तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पांढऱ्या कातडीची, पिवळ्या पायांची पिल्ले दिसू लागतात. संकरात वाईट काही नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथपासून ‘कॅरी श्यामा’ काढली, जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने ‘नर्मदानिधी’. या जाती आपल्या नावाने विकल्या जातात, हा महत्त्वाचा फरक.

मग शुद्ध पिल्ले मिळवावीत कोठून? मूळ भागात मध्य प्रदेश सरकारचे अंडी उबवणी केंद्र १९७८ पासून आहे, आणि झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रानेही या जातीच्या प्रसारात मोठा वाटा उचलला आहे. सहकारी संस्थांकडून थेट खरेदी व्हावी म्हणून २०१८ मध्ये भोपाळच्या सरकारने मोबाईल ॲपही काढले. गोव्यातील पालकाने दूरच्या विक्रेत्याकडे पैसे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: मातापित्यांचा कळप पाहता येईल का, पहिल्या दिवशीची मरेक्स रोगाची लस दिली आहे का, आणि पिल्ले नेमक्या कोणत्या उबवणी केंद्रातली आहेत. उत्तर देताना विक्रेता गडबडला, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

‘पिल्ले आम्ही देऊ, अंडी आम्हीच विकत घेऊ’ या आमिषापासून तर दूरच राहावे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून अशीच एक योजना चालली. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातल्या शेतकऱ्यांनी कर्जे काढून पैसे गुंतवले. २०१९ मध्ये खरेदी थांबली आणि कोट्यवधी रुपये बुडाले. संतापलेल्या लोकांनी तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली. या सगळ्यात कोंबडीचा काहीच दोष नव्हता. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. कडकनाथला सव्वा किलोपर्यंत यायला पाच-सहा महिने लागतात, आणि वर्षाला अंडी मिळतात शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी. या आकड्यांवर झटपट श्रीमंतीचे गणित कधीच बसत नाही. घरापुरती अंडी आणि सणासुदीला चार कोंबडे, एवढ्या हिशोबाने मात्र ती परवडते.

झाबुआचे हवामान कोरडे, तर गोव्यात चार महिने पाऊस. उन्हाळा ही कोंबडी सहज सोसते. तिला बाधतो तो ओला गोठा. खुराड्याची जमीन उंचावर असावी, भाताच्या तुसाचा थर कोरडा राहावा, भिजलेला लगेच काढावा. नाहीतर रक्ती हगवण पिल्लांचा फडशा पाडते. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. सुरुवातीला पिल्लांचे तयार खाद्यच द्यावे. तांदळाची कणी, वाळवी, परसातला पाला नंतर. मुंगुसासाठी जाळी बारीक हवी.

नवी पिल्ले निदान तीन आठवडे गावठी कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच लागते. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? म्हणून वाड्यावरच्या चार-पाच घरांनी दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलणे सोयीचे.

जुलै २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. अर्ज २०१२ चा. मधल्या काळात छत्तीसगडनेही दंतेवाड्यासाठी दावा सांगून पाहिला होता. हे मानांकन प्रदेशाशी बांधलेले असल्याने गोव्यात वाढवलेला पक्षी कडकनाथ जातीचा असेल, पण त्याचे मांस ‘झाबुआ कडकनाथ’ म्हणून विकता येणार नाही.

कडकनाथ कोंबडी सहसा नीट खुडूक बसत नाही. तिची अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली, तर एकविसाव्या दिवशी काळी पिल्ले बाहेर येतात. मात्र अंडी ठेवण्यासाठी निवडायची, तर त्याआधी काही आठवडे कडकनाथ माद्यांजवळ गावठी कोंबडा फिरकू देऊ नये. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरे, आणि दर वर्षी तो दुसऱ्या कळपातल्या नराशी बदलावा.