दुष्काळातल्या मुलींची प्रार्थना

१८९६ साली लोणावळ्याच्या झाडीत ख्रिस्ती भाविकांचा मेळावा भरला होता. पंडिता रमाबाई तिथे विधवांसाठी चालवलेल्या आपल्या शारदा सदनातल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. या मुलींनी ख्रिस्ताचा मार्ग पत्करलेला होता. तिथे रमाबाईंनी देवाजवळ एक विलक्षण मागणे मागितले. पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधरांचा वर्ग होऊ दे, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, सव्वादोनशे. एवढ्या मुलींना ठेवायला जागा नव्हती आणि पोसायला पैसाही नव्हता. काही महिन्यांतच मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाईंच्या आसऱ्याला तीनशेच्या आसपास मुली आल्या.

ख्रिस्ती मंडळींत ही हकीकत प्रार्थना ऐकली गेल्याची साक्ष म्हणून सांगतात. रमाबाईंनी स्वतःही ती तशीच लिहिली आहे. मला मात्र तिथेच थांबून विचारावेसे वाटते की ही कसली ऐकलेली प्रार्थना? त्या मुली आल्या त्या आईबाप गमावून, हाडांवर कातडे उरलेल्या, काही जणी तर माणसांच्या बाजारातून सुटून. त्यांना आणण्यासाठी देवाने दुष्काळ धाडला असे म्हणणाऱ्याशी माझे जमणार नाही, आणि रमाबाईंनीही तसे म्हटलेले नाही. त्यांनी लिहिले ते वेगळे आहे. दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा आधी त्यांचे मन मागे सरले. हे आपल्या कुवतीबाहेरचे आहे असे त्यांना वाटले. मग स्वतःचे दुष्काळातले दिवस आठवले आणि त्या निघाल्या. मागणे आधीच मागून झालेले होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नव्हती. दुःखातल्या प्रार्थनेचे बळ कशात असते, याचा माग मी इथून काढत गेले.

रमाबाईंचा स्वतःचा दुष्काळ १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात सुरू झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न होते आणि त्यांनी बायकोला, मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केलेले होते. पुराण सांगत तीर्थे फिरणारे ते कुटुंब होते. मजुरी करायची सवय नव्हती आणि भीक मागायची तयारी नव्हती. गाठचा पैसा संपल्यावर दागिने, भांडी, वस्त्रे सगळे विकले गेले. व्रते झाली, जप झाले, ब्राह्मणांना दाने दिली गेली. शास्त्राने सांगितलेले काहीही करायचे ठेवले नाही. म्हातारे, दृष्टी गेलेले वडील लेकीला जवळ घेऊन, देवाची सेवा सोडू नकोस असे सांगून गेले. पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण गेली. मरणाच्या दारातल्या आईसाठी शेजारी अन्न मागायला गेलेल्या रमेच्या तोंडून शब्दच फुटेना, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सोळा वर्षांची, हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी एक भाकर मागू शकली नाही.

पुढे ती आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थान फिरले. पंजाबात झेलम नदीकाठी थंडीच्या एका रात्री पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत वाळू अंगावर ओढून घेतली. १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० साली भाऊ वारला. १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा होती. पुढल्या वर्षी इंग्लंडात वाँटेजला असताना सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

चरित्रकार बहुधा इथे ‘आणि त्यांना शांती लाभली’ असे लिहून मोकळे होतात. रमाबाईंची १९०७ ची साक्ष तसे सांगत नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. ही आठ वर्षे फार मोलाची आहेत. अमेरिकेतला दौरा, ११ मार्च १८८९ ला मुंबईत उघडलेले शारदा सदन, पुण्याला झालेले स्थलांतर हे सगळे त्यांतलेच. बाहेर कीर्ती वाढत होती आणि आत ही बाई अजून शोधत होती.

१८९३ मध्ये पुण्यात जे वादळ उठले तेही प्रार्थनेवरूनच. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दरवाजा उघडा ठेवत. कुणी मुलगी येऊन बसली तर तिला उठवून लावत नसत. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांचा संताप मला समजतो. पण दार लावून घेणे रमाबाईंना का जमले नाही, हेही समजून घ्यायला हवे. ज्या विधवेला घराघरांत कोनाडा दाखवला जात होता, तिच्या तोंडावर देवाच्या खोलीचे दार लावणे त्यांना पटणारे नव्हते.

रमाबाईंनी जवळ केलेल्या बायबलमधल्या दुःखाच्या प्रार्थना सभ्य नाहीत, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतला मोठा भाग विलापाचा आहे. भक्त देवाला जाब विचारतो, तू झोपलास का म्हणतो, तोंड का फिरवलेस म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखातच संपते आणि शेवटी आशेची एक ओळही येत नाही. तरीही ते काढून टाकले गेले नाही, शतकानुशतके देवळांतून म्हटले जात राहिले. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र येऊन सांगतात की तू पाप केले असशील म्हणून हे भोग आले. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि तक्रार करणारा ईयोबच खरे बोलला असा निवाडा देतो. गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला टळो अशी विनवणी केली, पण प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आली ती बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात, टाकून दिलेल्या माणसाची हाक. पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा प्रार्थना केली आणि तो काटा राहिलाच. मागितले ते न मिळाल्याच्या या नोंदी ज्या धर्माने आपल्या ग्रंथात जपल्या, त्याच्या नावाने ‘प्रार्थना करा आणि रोग पळवा’ अशी हमी देणारे लोक स्वतःचेच शास्त्र नीट वाचत नाहीत असे माझे मत आहे.

ही हमी शास्त्रीय कसोटीवरही उतरलेली नाही. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी भाविकांनी रुग्णांसाठी प्रार्थना केल्या. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत काहीच फरक पडला नाही. गुंतागुंत एका गटात ५२ टक्के रुग्णांना झाली आणि दुसऱ्यात ५१ टक्के. प्रार्थना होणार हे ज्यांना पक्के सांगितले होते त्यांच्यात हा आकडा ५९ टक्के निघाला. केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. पंचावन्न वर्षे आणि त्यापुढच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. देवाने आपल्याला टाकले, देव आपल्याला शिक्षा करतो आहे, अशा झगड्यात जे सापडले होते त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला.

शिक्षेची ही कल्पना रमाबाईंनी फार जवळून पाहिली होती. १८८७ मधल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी जगाला हेच सांगितले की उच्चवर्णीय विधवेचे वैधव्य तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाते. तिच्या रडण्यालाही हक्क उरत नाही, कारण अपराधी तीच. अशा मुलीला केडगावात, जिथे रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, कुणी सांगितले की तुझे गाऱ्हाणे ऐकणारा कुणी आहे आणि तो स्वतः यातनांतून गेलेला आहे, तर तिच्या आयुष्यात काय उलथापालथ होत असेल! जात्यावर बसलेली बाई ओवीतून आईला गाऱ्हाणे सांगते, तेवढी वाट तरी आमच्या बायकांना होती. ज्यांची आईच दुष्काळात गेली त्या मुलींना ही दुसरी वाट मिळाली.

केडगावची जमीन खरे तर सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून फळबागेसाठी घेतलेली होती. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात नव्या मुली ठेवायला मनाई झाली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना या माळावर आणले. आधी झोपड्या उठल्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. त्याच साली प्लेगच्या सरकारी इस्पितळातल्या बायकांच्या हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला जळजळीत पत्र लिहिले. त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. प्रार्थना करणारी बाई मुकाट बसते असा समज असेल तर हे पत्र वाचावे. १८९९–१९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात, शेकडो मुली आल्या आणि केडगावच्या या ‘मुक्ती’ सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, विणकाम, शिवण, तेलघाणी, शेती, छापखाना, सगळे मुलीच चालवत. पतित मानल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन होते. आंधळ्यांना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. ३० जूनला रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीसारख्या शांतपणे समजावत होत्या. व्यभिचाराच्या आरोपाखाली दगडांसमोर उभी केलेली बाई ज्या अध्यायाच्या आरंभी येते, तोच हा. मुली एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. एकीमागून एक नव्हे, सगळ्या एकदम. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. रडणे, पापे कबूल करणे, मग गाणे आणि हसणे हे दिवसेंदिवस चालले. पाहुणे मिशनरी गोंधळले. काहींनी याला भावनेचा अतिरेक ठरवले. रमाबाईंचे उत्तर असे होते की हिंदी माणसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवाला आळवू द्या, पाश्चात्त्य शिस्त त्यांच्यावर लादू नका. स्वतः शांत वृत्तीच्या, ऐकू कमी येणाऱ्या या विदुषीने शेकडो मुलींचा कल्लोळ थांबवला नाही. एकेकाळी भाकर मागताना ज्यांचा आवाज फुटला नव्हता, त्यांना या आवाजाची किंमत ठाऊक होती असे मी समजते.

तरीही त्या वृत्तांतांत एके ठिकाणी माझे मन अडते. दुष्काळाने लुबाडलेल्या या पोरी पापांसाठी रडत होत्या. त्यांचे कसले पाप? चोरून खाल्लेला घास, खोटे बोलणे, भांडण. जन्मानेच पापीण ठरवलेल्या मुलीला नेमकी एक चूक सांगता यावी आणि तिची क्षमा मिळावी, यात तिला माणूसपण मिळाले, असे याचे समर्थन करता येते आणि ते मला बरेचसे पटतेही. पण भुकेल्या मुलीचा विश्वास कितपत तिचा स्वतःचा, हा टीकाकारांचा प्रश्न त्याने मिटत नाही. जेवण, छप्पर आणि देव एकाच दारातून आले की निवड अवघड होते. रमाबाईंच्या चाहत्यांनी हा प्रश्न टाळू नये. टीकाकारांनीही एक गोष्ट मोजावी. बाकीची दारे त्या वर्षी किती उघडी होती?

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, शब्दकोश जवळ ठेवून, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीच्याच मुली होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, चाळिसाव्या वर्षी. जिच्यावर संस्था सोपवायची ती एकुलती लेक. आईने तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? रमाबाई पुन्हा मुद्रितांपाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले.

मराठी वाचकाने रमाबाईंना शारदा सदनाच्या उंबरठ्यापर्यंत सन्मानाने नेले आणि तिथे सोडून दिले. समाजसुधारक म्हणून त्या आपल्या, प्रार्थना करणाऱ्या म्हणून परक्या. ही फाळणी चुकीची आहे, कारण केडगावच्या विहिरी आणि केडगावच्या प्रार्थना एकाच बाईच्या आहेत. दुष्काळाविषयीचे त्यांचे अनुभवकथन आणि १९०७ ची साक्ष ही दोन छोटी लेखने आहेत, दोन बैठकींत वाचून होतात. ती वाचा, आणि पुणे–दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आले तर उतरा. मुक्ती मिशन आजही तिथे आहे आणि निराधार बायका-मुले आजही तिथे राहतात.