अहवालाची शेवटची पाने कोण वाचणार?

वार्षिक सभेचे दिवस जवळ आले की जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत साखर कारखान्याचा अहवाल येतो. जुन्नरला निवृत्तीनगरचा विघ्नहर, आंबेगावला दत्तात्रयनगरचा भीमाशंकर. सभासद फोटो पाहतो, अध्यक्षांचे मनोगत चाळतो आणि पुस्तक फळीवर टाकतो. सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर होतात. हे याच दोन तालुक्यांत घडते असे नाही, साऱ्या महाराष्ट्रात घडते. पण खरी माहिती असते ती मागच्या पानांवर, बारीक अक्षरात. तिचे नाव ‘लेखाधोरणे व टिपा’.

त्यात एक प्रश्न महत्त्वाचा : उत्पन्न नेमके केव्हा धरले? साखर पोत्यात भरली तेव्हा, व्यापाऱ्याने आगाऊ पैसे दिले तेव्हा, की माल त्याच्या स्वाधीन झाला तेव्हा? लेखामानक ९ सांगते की, मालाची मालकी आणि जोखीम खरेदीदाराकडे गेली म्हणजेच विक्री झाली. आगाऊ रक्कम हे उत्पन्न नव्हे, ते देणे आहे. गोदामातली साखर हा साठा आहे. वसुलीची खात्री नाही म्हणून एखादे उत्पन्न धरायचे थांबवले असेल, तर तेही टिपेत लिहावे लागते.

यात आपले काय जाते? बरेच काही जाते! २०१३ च्या राज्याच्या ऊसदर कायद्याचे सूत्र असे की, साखर, बगॅस, मळी व प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. हा वाटा एफआरपीपेक्षा जास्त निघाला, तर फरक शेतकऱ्याला मिळायला हवा. म्हणजे उत्पन्न कमी दिसले की उसाचा दर मारला जातो. आणि फुगवून दाखवले, तर तोटा झाकला जातो, कर्ज वाढते आणि एक दिवस कामगाराचा पगार थकतो. ऊस तोडणारा भूमिहीन मजूर तर सभासदही नाही; पण त्याची चूल याच आकड्यांवर पेटते.

मोठमोठे फसले तिथे आपली काय कथा, असे म्हणून चालणार नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंनी स्वतःच लिहून दिले की, एका तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखवले, प्रत्यक्षात ते २,११२ कोटी होते. लेखापरीक्षकांच्या सह्या होत्याच. नोंदलेल्या उत्पन्नामागे पैसा खरोखर आला का, हे कोणी तपासले नाही.

म्हणून तीन गोष्टी पाहा. उत्पन्न वाढले, तर येणे रक्कमही तितकीच फुगली का? उत्पन्न धरण्याचे धोरण यंदा बदलले का? लेखापरीक्षकाने कोणता शेरा मारला? सहकार कायद्याच्या कलम ३२ ने सभासदाला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक मागण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क वापरा.

बाबासाहेबांनी १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो सरकारी हिशेब तपासूनच. आज आपल्या वस्तीत बी. कॉम. झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी एका संध्याकाळी विहारात बसून हा अहवाल मोठ्याने वाचावा आणि सभेत हात वर करावा तो प्रश्न विचारण्यासाठी!