रणांगणातील मृत्यू आणि स्वर्ग

गंगेच्या दक्षिणेस मगधाचे राज्य आणि उत्तरेस वैशालीचे गणराज्य. भगवान महावीरांच्या काळातच या दोन शेजाऱ्यांत घनघोर युद्ध झाले. निरयावलिका सूत्रानुसार त्याचे मूळ घरातील वाटणीत होते. राजा श्रेणिकाच्या धाकट्या पुत्राकडे सेचनक हत्ती व अठरा सरांचा हार होता. राज्यावर आलेल्या कूणिकाने त्या दोन्ही वस्तू मागितल्या, तेव्हा धाकटा आजोबा चेटकराजाच्या आश्रयास वैशालीला गेला. भावाला अर्धे राज्य दिल्यास हत्ती व हार परत पाठवू, असे चेटकाने कळविले. कूणिकाला ते मान्य झाले नाही आणि नातू आजोबांवर चालून गेला.

इतिहासकारांनी या युद्धाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. ए. एल. बॅशम यांनी जैन व बौद्ध साधनांची तुलना करून त्याचा अभ्यास केला. बौद्ध टीकाग्रंथांत कारण वेगळे आहे : गंगेकाठच्या एका घाटावर येणाऱ्या मौल्यवान मालाचा वाटा. हार असो वा माल, दोन्ही कथांच्या मुळाशी परिग्रहच आहे.

श्वेतांबर परंपरेतील भगवतीसूत्राच्या सातव्या शतकात या युद्धातील दोन संग्रामांचे वर्णन आहे. एकात ८४ लाख, दुसऱ्यात ९६ लाख माणसे पडली, असे सूत्र सांगते. हे आकडे इतिहासाच्या कसोटीवर उतरणारे नव्हेत. परंतु संहाराची भीषणता त्यांतून कळते. रणात पडलेला स्वर्गाला जातो, असे लोक म्हणत. ते खरे काय, असे गौतमस्वामींनी विचारले. भगवंतांनी ते असत्य ठरविले. पडलेल्यांपैकी बहुतेक नरक वा तिर्यंच गतीला गेले, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मग हा समज पसरला कसा? वैशालीचा श्रावक वरुण राजाज्ञेने रणात उतरला होता. आधी प्रहार करणाऱ्यावरच शस्त्र चालवायचे, हा त्याचा नियम होता. प्राणांतिक घाव लागल्यावर तो रणातून बाजूला झाला, दर्भासनावर बसून त्याने व्रते स्वीकारली आणि समाधिमरण साधले. देवांनी केलेली पुष्पवृष्टी लोकांनी पाहिली. तिचे कारण मात्र त्यांनी युद्धाला जोडले.

शेजारी राष्ट्रे लढू लागली की आजही धर्मपीठाकडून आशीर्वादाची आणि विद्यापीठाकडून समर्थनाची अपेक्षा केली जाते. भगवंतांनी कोणत्याही पक्षाला आशीर्वाद दिला नाही. वरुणाच्या सद्गतीचे श्रेयही शस्त्राला न देता संयमाला दिले. युद्धाच्या काळात धर्माने लोकांना सांगावयाचे ते हेच.