नोंदवही किती दिवस जपावी?



भाऊच्या धक्क्यावरून मोटारी घेऊन मांडव्याला येणारी बोट मार्च 2020मध्ये सुरू झाली. तिचे तिकीट आपण घरबसल्या मोबाइलवर काढतो. अशा प्रत्येक व्यवहारात पलीकडचा संगणक, म्हणजे सर्व्हर, एक ओळ लिहून ठेवतो: अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, अमुक मागणी आली व तिला असे उत्तर दिले. या ओळींच्या वहीला ‘लॉग’ म्हणतात. धक्क्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करणाऱ्या कारकुनासारखेच हे काम. मात्र या कारकुनाला झोप नाही आणि वही संपत आल्याचे भानही नाही. डिस्क भरली की नवी नोंद होत नाही, व पुष्कळदा सर्व्हरच बंद पडतो.

यावर लिनक्स प्रणालीत ‘लॉगरोटेट’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. तो साधारणतः रोज एकदा जागा होतो. नेमलेला दिवस आला असेल तर चालू वहीला पहिला क्रमांक देऊन बाजूला ठेवतो, पूर्वीच्या पहिलीला दुसरा देतो, आणि कोरी वही मांडतो. जुन्या वह्या दाबून लहान करता येतात. तोच तो मजकूर असल्याने त्या फारच आक्रसतात. ठरल्या संख्येपलीकडची वही मात्र तो नष्ट करतो. त्याच्या नियमपत्रात बहुधा आरंभीच ‘दर आठवड्याला’ आणि ‘चार’ असे लिहिलेले असते. ते कोणी वाचीत नाही.

या ‘चार’शी माझी गाठ पडली ती एका कंत्राटदाराच्या फाटकावर. तेथे कार्ड दाखवले की हजेरीची ओळ संगणकात उमटे. जादा कामाचे पैसे थकले आणि कामगार युनियनकडे आले ते तिसऱ्या महिन्यात. आम्ही नोंदी मागितल्या, तर पाचएक आठवड्यांपलीकडे काहीच नाही! मी ती लबाडीच समजलो व तसे बोलूनही दाखवले. त्यांच्या तंत्रज्ञाने नियमपत्र उघडून समोर ठेवले. नोंदी कोणा माणसाने पुसल्या नव्हत्या. त्या आकड्याने पुसल्या होत्या. पण कामगारांचा पुरावा गेला तो गेलाच.

आकडा वाढवा, असा आग्रह आम्ही धरला. त्यातही माझी एक चूक झाली. जागेचा हिशेब न करता मागणी केली, आणि काही आठवड्यांनी डिस्क भरली. घाईने चालू वहीच काढून टाकण्यात आली, तरी जागा मोकळी होईना. कारण असे की लिनक्समध्ये फाइलचे नाव वेगळे आणि फाइल वेगळी. नाव यादीतून खोडले, तरी ज्या प्रोग्रॅमने ती उघडून धरली आहे तो तिच्यातच लिहीत राहतो. त्याने हात काढल्याखेरीज जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने असे धरणारे सापडतात. म्हणून वही बदलल्यावर त्या प्रोग्रॅमला ‘नवी वही घे’ अशी खूण द्यावी लागते. दुसरी एक पद्धत आहे, ‘कॉपीट्रंकेट’. तीत आधी नक्कल करतात, मग मूळ वही रिकामी करतात. या दोहोंच्या मधल्या क्षणात आलेली ओळ हरवू शकते. हजेरीच्या वहीला ही पद्धत मी कदापि मान्य करणार नाही. हरवलेली ओळ कोणाच्या तरी रात्रपाळीची असेल.

मग आकडा किती असावा? केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत 180 दिवसांचे लॉग जपण्यास सांगितले आहे. आठवड्याची एक वही धरली, तर 26 जुन्या वह्यांचे 182 दिवस होतात. ही सुरक्षेच्या दृष्टीची मुदत झाली. वेतनाचा हिशेब निराळा: 1936च्या वेतन प्रदान अधिनियमात नोंदवह्या शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे जपण्याचे बंधन होते. एवढा काळ सगळे त्याच डिस्कवर साठवणे शहाणपणाचे नाही.

त्या फाटकावर अखेर असे ठरले: वह्या 26, दाबून ठेवलेल्या, आणि हजेरीची प्रत दरमहा दुसऱ्या संगणकावर. थकबाकीपैकी ज्या आठवड्यांच्या ओळी शिल्लक होत्या, त्यांचे पैसे वादाविना मिळाले. त्याआधीचे मागताना आमच्या हाती एकच कागद होता. एका बाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, आपल्या येण्याजाण्याच्या वेळा पेन्सिलीने टिपून ठेवल्या होत्या.