बंद दाराआडचा आवाज

रहस्यकथा ऐकायची सोय मोबाइलने आणली असं वाटत असेल, तर १९३५ सालच्या ब्रिटनमध्ये जायला हवं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले शेकडो सैनिक तिथे होते. मोठ्या वयात बोटांनी ब्रेल शिकणं सगळ्यांना जमत नव्हतं. त्यांच्यासाठी अंधांच्या राष्ट्रीय संस्थेने आणि अंध सैनिकांसाठीच्या ‘सेंट डन्स्टन्स’ या संस्थेने ‘बोलती पुस्तकं’ काढली: ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अख्खी कादंबरी. एरवीची तबकडी चार-पाच मिनिटांत संपायची. ही मुद्दाम संथ फिरायची, म्हणून एका बाजूत सुमारे पंचवीस मिनिटं मावायची. तरी एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. ऐन उलटतपासणीत उठा, तबकडी उलटा, सुई ठेवा!

पहिल्याच खेपेत निवड झाली ती अगाथा ख्रिस्तीच्या १९२६च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ची. ही निवड किती अफलातून होती हे सांगायचं तर कथेतली एक युक्ती फोडावी लागेल. खुनी कोण, ते मात्र माझ्याकडून कळणार नाही.

रात्रीचे साडेनऊ. अ‍ॅक्रॉइडच्या अभ्यासिकेचं दार बंद आहे आणि बाहेरून त्याच्या सेक्रेटरीला त्याचा आवाज ऐकू येतो. म्हणजे मालक तेव्हा जिवंत होता, यात शंका कसली? गुप्तहेर पॉयरो मात्र ऐकलेल्या वाक्याच्या घडणीपाशी अडतो. समोर बसलेल्या माणसाशी कुणी इतकं कागदी बोलतं? ते तर पत्राचा मजकूर सांगितल्यासारखं आहे. आणि खरंच, आत बोलत होता तो डिक्टाफोन, आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं यंत्र. मालक आधीच मेलेला होता.

यंत्रातल्या आवाजाने फसवण्याची गोष्ट यंत्रातूनच ऐकवली गेली, तीही सारी भिस्त कानांवर असलेल्या श्रोत्यांना!

यात मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याची पंचाईत केवढी! छापील वाक्याला सूर नसतो. तो वाचक आपल्या मनाने लावतो. निवेदकाला मात्र एक सूर धरावाच लागतो. मजकूर सांगितल्यासारखा वाचला तर गुपित फुटलं, गप्पांसारखा वाचला तर श्रोत्यावर अन्याय. मला वाटतं, वाट ख्रिस्तीनेच ठेवली आहे: ते वाक्य सेक्रेटरी आठवून सांगतो, म्हणजे ते त्याच्याच आवाजात वाचलं की झालं. (पुढे ही कादंबरी ध्वनिमुद्रित केली ह्यू फ्रेझरने. टीव्हीवरच्या पॉयरो मालिकेतला हेस्टिंग्ज, म्हणजे पॉयरोचा साथीदार, तो. या कादंबरीत हेस्टिंग्ज नाहीच. तो अर्जेंटिनात आहे.)

शिवाय डोळ्यांना उड्या मारायची खोड असते. खोलीचं वर्णन आलं की आपण दोन ओळी गाळून संवादाकडे धावतो, आणि ख्रिस्ती नेमकी तिथेच धागा लपवते. कानाला तशी पळवाट नाही. दीडपट वेगाचं बटण दाबलं तरी शब्द न् शब्द कानावरून जातोच. या कादंबरीत बटलर पार्कर सांगतो की अभ्यासिकेतली एक खुर्ची भिंतीपासून पुढे ओढलेली होती. टेबल आणि दार यांच्या मधोमध. ती कशासाठी सरकवली असेल, हे तुम्हाला आता ओळखता यावं.