दोघांचं ताट, एक हिशेब

बाहेर जेवायला गेलो, की आमची बेगम आधी भाकरीकडे बघते आणि मी बिलाकडे. मंडळी, दोन्ही हिशेब हवेतच.

भरताचंच घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत ठेचली, की भरताला धुराचा खरा वास येतो. गॅसवर भाजलेलं भरीत पहिल्या घासालाच कळतं. शेवभाजीत शेव वाढताना पडावी. तिचा लगदा झाला असेल, तर भाजी मघाचीच समजा.

आता बिल. नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक हॉटेलांत जेवणावर पाच टक्के जीएसटी आहे. मात्र बिलावर ‘कंपोझिशन’ लिहिलं असेल, तर तोही गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. सेवाशुल्क आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. त्याआधी एका हॉटेलात आम्ही ते निमूट भरलं होतं.

त्या रात्री मी कुरकुरलो, ‘महाग पडलं.’

बेगम म्हणाली, ‘घरी सगळ्यांना वाढेस्तोवर माझी भाकरी निवते. आज कळण्याची भाकरी गरम असताना माझ्या ताटात पडली.’

तीस वर्षांच्या संसारात हा आकडा मी कधी मांडलाच नव्हता. हल्ली बिल नंतर बघतो. आधी तिची भाकरी वाफाळते का, ते बघतो. घरीसुद्धा.